बावीस तोंडांचं पोवळं

पेदुंगान, देनपसार
२ एप्रिल

म्बोक मुर्नी,

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. १९ मार्चला न्येपी होती. मौनाचा दिवस, त्यामुळे घरात दिवा नाही, बाहेर पाऊल नाही.

२. टाकीवरचा दिवा फोनवरून चालतो. सकाळी सहापासून मोबाईलचं इंटरनेट बंद होतं, दरवर्षीसारखंच. दिवा त्या दिवशी लागू नये अशी सोय आदल्या रात्रीच करून ठेवायची होती. ती राहिली.

३. दुपारी बाराला दिवा आपल्या वेळेवर लागला. उन्हात कुणाला कळलं नाही. संध्याकाळी ६.४० ला खिडकीतून निळा उजेड गल्लीत दिसू लागला.

४. दिवा आणि गार करणारा पंखा एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत. बोर्ड बंद झाला. टाकीवर जाड पांघरूण टाकलं गेलं.

५. पांघरूण दुसऱ्या दिवशी दुपारी ४.३० ला निघालं. म्हणजे एकवीस तास पन्नास मिनिटं. पंप बॅटरीवर चालू होता, पंखा बंद. पाणी ३२.६ अंश झालं होतं. एरवी ते २६ असतं.

६. आठव्या दिवशी तुझं पोवळं पांढरं झालं.

पांढरं म्हणजे फिकट नाही. मांसातलं तपकिरी शेवाळ त्याने बाहेर टाकलंय आणि आतला सांगाडा काचेतून दिसावा तसा दिसतो. तू गेलीस तेव्हा त्याला नऊ तोंडं होती, आता बावीस आहेत. बावीसही पांढरी आहेत. तोंडांभोवतीची बोटं बाहेर येतात, पण अर्धीच. म्हणजे अजून जिवंत आहे.

हे तुला कळवणं भाग आहे, कारण ते तुझं आहे. बंदराची खाडी खोल करायला यंत्रं यायच्या आदल्या आठवड्यात तू आपल्या किनाऱ्यावरून दोन तोंडं कापून आणलीस. तो खडक आता नाही. या टाकीतलं गेलं तर तिथलं काहीच उरणार नाही.

तुझ्या वहीत रोगांचं पान आहे, पण पांढरं पडण्यावर एकच ओळ आहे: "कारण शोध, मग हात लाव." मी कारण शोधलं आहे, ते वर दिलं आहे. दिवा अर्ध्यावर आणला आहे, पाणी २६ ला आहे, खारटपणा आणि कॅल्शियम ठीक आहे. आणखी काही करायचं असेल तर कळव.

पत्ता मेमेने दिला. गेल्या वर्षी तू मौमेरेहून तिला विणलेलं लुगडं पाठवलंस, त्याच्या कागदावरचा तिने, आईच ती, कापून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. फोन केला नाही, कारण माझा नंबर तू चार वर्षांपूर्वी बंद केलास.

मेमे शेजारी बसून नैवेद्याच्या परड्या वळते आहे. म्हणते, "आधी थोरल्या बहिणीची तब्येत विचार."

मी म्हटलं, "पोवळ्याबद्दल लिहितेय."

"मग पोवळ्याची सांगून झाली की तिची विचार. शाळेत पत्रलेखन नव्हतं का तुम्हाला?"

म्हणून विचारते. कशी आहेस?

मादे


पेदुंगान
२१ एप्रिल

म्बोक मुर्नी,

उत्तर आलं नाही. पत्र पोचायला किती दिवस लागतात ते मला माहीत नाही, म्हणून त्याचा अर्थ काढत नाही.

आधी एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं, "बोर्ड बंद झाला." बोर्ड आपोआप बंद होत नाही. मी केला. पांघरूणही मीच टाकलं.

बापा या वर्षी पुन्हा पेचालांगमध्ये आहेत. कमरेला चौकड्यांचं वस्त्र, कानामागे फूल, दिवसभर गल्लीगल्लीतून कुणाच्या घरी दिवा दिसतो का ते बघत हिंडायचं. संध्याकाळी ते आणि शेजारचे पाक रेंतेग आपल्या गल्लीत शिरले आणि अख्ख्या काळोखात एकच खिडकी निळी. आपली.

पाक रेंतेग बाहेरूनच कुजबुजले, "काय हो, घरात समुद्र पेटलाय का?"

बापा खिडकीशी आले. त्या दिवशी ओरडायचं नाही, म्हणून सगळा राग दातांतून. "मादे! वस्तीभर मी लोकांचे दिवे विझवत फिरतोय आणि माझ्याच घरात जत्रा?"

"फोनवरून बंद होत नाहीये, बापा."

"मग हाताने कर! हात आहेत ना?"

दिव्याची वायर कपाटामागे होती. अंधारात सापडेना. बाहेर पाक रेंतेग हसू दाबत होते आणि बापा "लवकर, लवकर" करत होते. मी बोर्डच उपटला. मग बॅटरीचा हिरवा ठिपका दिसत होता. "तेही," बापा म्हणाले. मी आज्जीचं पांघरूण सगळ्यावर टाकलं. बोर्डाबरोबर पंखाही बंद झाला हे मला कळलं होतं. एक तास, मग काढू, असं ठरवलं आणि झोपले.

सकाळी उठल्या उठल्या ताबानानला. न्येपीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची माफी मागायची, ते तुला सांगायला नको. मी सात घरांत माफी मागितली. मोठ्या मामीने नेहमीप्रमाणे विचारलं, "आणि थोरली? तिने तुमची मागितली, की तुम्ही तिची?" बापांनी चहा संपवला आणि "निघू या" म्हणाले. आम्ही निघालो ते आणखी दोन घरं करून घरी आलो.

दुसरी दुरुस्ती. पाणी ३२.६ आहे हे बघून मी बर्फाच्या चार बाटल्या आत सोडल्या. चाळीस मिनिटांत पाणी २८ वर आलं. बोर्ड लावल्याबरोबर दिवाही पूर्ण जोरात लागला, तो बंद करायचं सुचलं नाही. उष्णतेने अर्धमेलं झालेल्याला मी थंडीचा आणि उजेडाचा असे आणखी दोन तडाखे दिले. हे पहिल्या पत्रात नव्हतं. मी प्रयोगशाळेत इतरांच्या पाणी-तपासणीतली चूक शोधून सही करते. ही चूक तिथे कुणी केली असती तर मी त्याला दुसऱ्यांदा नमुना हातात दिला नसता.

आजची स्थिती: बावीसपैकी तीन तोंडं मेली. मांस गळून गेलं, नुसता सांगाडा राहिला. एकोणीस पांढरी, पण फुगतात. पंख्याची हवा पाण्यावर सरळ लागावी म्हणून वरची जाळी मी काढून टाकली आहे. पाणी अगदी स्वच्छ आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तरी रंग परत येत नाही. महिना झाला.

हे मला समजत नाही, एवढंच लिहायचं होतं.

मादे


पेदुंगान
९ मे

म्बोक,

तुझं कार्ड परवा आलं. पुढे लाल बोटीचं चित्र, मागे चार ओळी, ना मायना ना सही:

"नायट्रेट शून्य कधीपासून? त्याच्या आसपास काय बदललं ते बघ. दिवा तीस टक्क्यांवर आण. मेलेली तोंडं काप."

मेमेने कार्ड उजेडात धरलं. "आई कशी आहे, एवढं लिहायला जागा होती की गं इथे." मग म्हणाली, "अक्षर अजून तसंच. कोंबडीने उकरल्यासारखं." मग तिने ते नैवेद्याच्या परडीत ठेवलं, मी मागितल्यावर परत दिलं, आणि स्वयंपाकघरात गेली. खूप वेळ भांडी वाजत होती.

मेलेली तोंडं कापली. दिवा तीसवर आणला.

मग तू विचारलंस ते. माझ्या नोंदी दर आठवड्याच्या आहेत. तू गेल्यापासून या जानेवारीपर्यंत नायट्रेट चार ते सहाच्या मध्ये, चार वर्षं जवळपास सरळ रेषेत. १७ जानेवारीला एक. २४ जानेवारीला शून्य. पुढे शून्यच. मला ते माझं यश वाटलं होतं. डिसेंबरमध्ये मी गाळणी बदलली होती, म्हणून. वहीत मी शून्याखाली रेघसुद्धा मारली आहे.

पण गाळणी ४ डिसेंबरची. शून्य जानेवारीच्या शेवटी. सात आठवडे गाळणीने वाट का बघितली?

११ जानेवारीला दुसरं काही बदललं होतं. पिवळा मासा उडी मारून बाहेर पडला आणि मेमेला तो चुलीमागे वाळलेला सापडला. त्या दिवशी मी टाकीवर जाळी बसवली, चार कोपऱ्यांना चार चिमटे लावून.

जाळीने पाणी कसं स्वच्छ होईल?

आता दुसरी बाजू. १८ एप्रिलला मी जाळी काढली. २५ एप्रिलला नायट्रेट एक. २ मे रोजी दोन. नायट्रेट येतं ते टाकीत पडलेल्या खाण्यातून, आणि मी माशांना घालते ते खाणं एका दाण्यानेही वाढवलेलं नाही. चाचणीचं औषध खराब झालं असेल म्हणून पाणी प्रयोगशाळेत नेलं. तिथेही दोन. म्हणजे टाकीत काहीतरी जात होतं आणि ते मी घालत नव्हते.

काल मी कामावरून दीड तास आधी निघाले. पावणेसहाला घरी पोचले, चपला बाहेर काढल्या, मागच्या दाराने आले.

बापा स्टुलावर उभे होते. एका हातात मेमेची वाटी. दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतला लांब ड्रॉपर, जो हरवल्याची नोंद मी चार वर्षांपूर्वी केली होती.

"उतरा, बापा. पडाल."

ते दचकले नाहीत. ड्रॉपरमधलं उरलेलं आधी संपवलं. "आज लवकर कशी?"

"काय घालताय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे कोळंबी?"

"बिनमिठाची," ते म्हणाले. "आधी मी चाखून बघतो."

मी विचारलं, किती घालता. माझ्या तोंडून दुसरा प्रश्न आला नाही.

"एका तोंडाला एक थेंब. आठवड्यातून दोनदा. जास्त दिलं तर थुंकतं. दिवेलागणीला द्यायचं, तेव्हा बोटं बाहेर असतात. ती अशीच द्यायची. मी बघायचो ना."

"आणि जानेवारीपासून?"

"जानेवारीत तू जाळी बांधलीस. चार चिमटे, चारही एकाच दिशेला तोंड करून. एकदा काढून बघितले. परत तसेच लावता येईनात. म्हटलं, हिला कळेल."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

"म्हणजे काय? मी त्या टाकीकडे बघत नाही, असं या घरात ठरलंय."

स्वयंपाकघरातून मेमे म्हणाली, "चार वर्षं माझ्या खलात कोळंबी कुटतो हा माणूस, आणि म्हणे बघत नाही! माझ्या मसाल्याला वास का येतो ते तुम्हाला वाटलं मला कळत नाही?"

"तू गप्प बस."

"बसलेच होते की. चार वर्षं."

तर निदान असं आहे. उष्णतेने घाव घातला, पण त्याआधी दहा आठवडे ते उपाशी होतं. मी त्याचं जेवण बंद केलं आणि पाणी स्वच्छ झालं म्हणून रेघ मारली. भरल्या पोटी त्याने ते बावीस तास कदाचित निभावले असते. "कदाचित" हा शब्द मी पुराव्याशिवाय लिहिते आहे.

आज संध्याकाळी मी बापांना विचारलं, थेंब किती जाड असावा. त्यांनी करून दाखवलं. खालच्या ओळीतल्या एका तोंडाने थेंब पकडला, बोटं मिटली, आणि आत ओढला. आम्ही तिघं काचेला नाक लावून बघत होतो. पाक रेंतेग कुंपणावरून म्हणाले, "तिथे टीव्ही लावलाय का?"

मादे


पेदुंगान
२४ मे

म्बोक मुर्नी,

आधी बातमी. रंग आला आहे.

मंगळवारी सकाळी उजव्या बाजूच्या चार तोंडांच्या देठांवर पातळ तपकिरी छटा दिसली. मी कुणाला सांगितलं नाही, चष्मा पुसून दुपारी परत बघितलं. शुक्रवारी अकरा. आज एकोणीसपैकी सोळांवर आहे आणि सहांच्या टोकांना हिरवं, अगदी तुझ्या जुन्या फोटोत आहे तसं. उरलेली तीन अजून पांढरी आहेत, पण खातात. नायट्रेट चार. आता मी त्याला चारवरच ठेवणार आहे. दिवा आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवते आहे. ते जगेल. हे वाक्य मी आज लिहू शकते, गेल्या दोन महिन्यांत लिहू शकत नव्हते. काल मी दुपारी दोन तास झोपले. मार्चनंतर पहिल्यांदाच.

आता तिसरी दुरुस्ती. ही पोवळ्याबद्दल नाही.

तू गेलीस त्या दिवशी बापांनी मला विचारलं, "कुठल्या बंदरावर?" मी म्हटलं, "पादांगबाई." तू मला सांगितलं होतंस आणि मी खोटं बोलत नाही, म्हणून. ते फेरीपर्यंत पोचले, सगळ्या प्रवाशांदेखत तुला आणि ज्याच्याबरोबर तू निघालीस त्या योरिसला जे बोलले ते बोलले, आणि घरच्या सांग्गाहचं, पितरांच्या देवळाचं, दार तुला बंद झालं. पितरांचा निरोप न घेता तू गेलीस. चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हा गुन्हा नाही.

पण बापांनी फक्त बंदर विचारलं होतं. वेळ विचारली नव्हती. "दुपारी दोनची" हे मी आपणहून सांगितलं.

का सांगितलं ते मला ठाऊक आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं आणि ते तुला तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं. मी बापांना पुढे केलं. ताबानानला सात घरांत माफी मागताना दर वर्षी हे माझ्या जिभेवर येतं आणि दर वर्षी मी मामीच्या पाया पडून उठते. आता तुझ्याकडे मागते आहे. मागायची ती हीच.

बापांना मी तुझं कार्ड दाखवलं. त्यांनी पुढून बघितलं, मागून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पण बरोबर विचारलंय मोठीने. शून्य कधीपासून." कार्ड त्यांनी पेचालांगच्या जाकिटाच्या खिशात ठेवलं आणि मला परत दिलेलं नाही. नोंद म्हणून लिहिते: याआधी ते "ती" म्हणायचे. "मोठी" नाही.

काल जेवताना, मेमेने केळफुलाची भाजी केली होती, त्यांनी मधेच घास थांबवला. "निरोप न घेता गेलेलं माणूस ना इथलं, ना तिथलं. पितर दोन्हीकडे शोधत राहतात. गलुंगानला तर येतातच ते घरी. दर वेळी विचारत असतील."

मेमे म्हणाली, "तुम्हाला विचारतात का? मला वाटलं मलाच."

"सणासुदीत निरोपाचा विधी करत नाहीत. कुनिंगान २७ जूनला. त्यानंतरचा दिवस पेमांगकू पुजाऱ्याला विचारतो. ती येत असेल तर." मग माझ्याकडे वळून, "लिहितेस ना तू? मग लिही. आणि त्या मुलालाही आणायला सांग. फेरीवर मी त्याला मासेमाऱ्या म्हटलं होतं."

"तो मासेच पकडतो, बापा."

"तेच म्हटलं ना मग मी! चुकीचं काय त्यात?" आणि थोड्या वेळाने, "पण आवाज मोठा होता."

यापेक्षा जास्त ते बोलणार नाहीत. तू मला ओळखतेस, तर त्यांनाही ओळखतेस.

शेवटी कामाचं. तू येणार असशील तर रिकाम्या हाताने जाऊ नयेस असं मला वाटतं. उजव्या बाजूची दोन तोंडं सगळ्यांत धडधाकट आहेत. ती कापून वेगळी वाढवता येतील. मौमेरेला तू पोवळ्यांची रोपवाटिका चालवतेस असं मेमेने कुणाकडून तरी ऐकलं आहे. तुझ्याकडे ती पुन्हा समुद्रात लागतील. पण कापलेली जखम भरायला निदान तीन आठवडे लागतात, त्याआधी प्रवासात पाठवता येणार नाहीत. नुकतंच बरं झालेलं आहे, म्हणून कारण नसताना मी त्याला कातर लावणार नाही. म्हणून मला १० जूनला ठरवावं लागेल. बापाही त्याच दिवशी पेमांगकूकडे जाणार आहेत.

माझा नंबर तोच आहे. कार्ड टाकलंस तरी चालेल, पण ते वेळेत पोचेल असं टाक.

१० जूनपर्यंत कळव, कापू की नको.

तुझी,
मादे